पात्याच्या मागे

मे महिन्याच्या सोलापुरी उन्हात मिथेनॉल पेटलं तर ज्योत दिसत नाही. चटका बसल्यावरच कळतं. म्हणून मॉडेल विमानं शिकायला येणाऱ्या नव्या मुलांना मी इंजिनाआधी इंधन दाखवतो. साधं मिश्रण म्हणजे ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही अंगात भिनतं. कॅन सावलीत, झाकण घट्ट आणि जवळ पाण्याची भरलेली बादली, एवढं झाल्याशिवाय मी प्लगला बॅटरी लावू देत नाही.

साडेसहा सीसीच्या इंजिनावर दहा इंची पातं मिनिटाला १२,००० फेरे घेतं. टोकाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या वर जातो. इतक्या वेगात पातं जवळजवळ दिसेनासं होतं आणि नेमकं त्याच्यावरूनच हात इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईकडे जातो. इंजिन सुरू झालं की वळसा घालून मागे यायचं, मगच प्लगची क्लिप काढायची, सुईही मागूनच फिरवायची. पातं तुटलं तर तुकडा आडवा सुटतो, म्हणून त्याच्या रेषेत, बाजूलाही, कुणी थांबायचं नाही. चिरलेलं पातं चिकटवू नका, मोडून टाका, म्हणजे दुसरा कुणी उचलून लावणार नाही. गळ्यात गमछा नको. यंत्रमागाच्या पट्ट्याशेजारी वावरलेल्यांना हे सांगावं लागत नाही. आणि काळ्या रानातल्या फुफाट्यात इंजिन चालवूच नये, पातं माती-खडे ओढून घेतं.

खरी गोडी सुईत आहे. दुपारच्या चाळीस अंशांत जमवलेली सुई डिसेंबरच्या सकाळी चालत नाही. गार हवा दाट असते, तिच्या मानाने इंधन कमी पडतं आणि इंजिन तापतं. आधी फेरे पूर्ण चढू द्यावेत, मग सुई थोडी उघडावी, आवाज किंचित जड होईपर्यंत. आता सोबत्याने विमान मागून घट्ट धरून नाक वर करावं. आवाज बसला, तर सुई अजून उघडायला हवी. सायलेन्सरमधून धुराची पांढरी रेघ सतत निघाली पाहिजे. एरंडेल आतपर्यंत पोचत असल्याची ती खूण.

उडवणं पुढचं. होटगी रस्त्यावर विमानतळ आहे, तेव्हा शहरात वाटेल तिथे विमान सोडता येत नाही; ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आधी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहा, लागेल तिथे परवानगी घ्या. तोवर इंजिन जाड लाकडी ठोकळ्यावर बोल्टने आवळून, ठोकळा जड टेबलाला पक्का करून चालवा. पालकांनो, मुलाला विमान घेऊन देण्याआधी तो ठोकळा करून द्या आणि पहिले काही दिवस स्वतः शेजारी, पात्याच्या मागे, उभे राहा.