पिंगुळीची पोथी

मुंबईहून गोव्याला निघालेल्या प्रवाशाला कुडाळ दिसते ते बहुधा अर्धवट झोपेत. रात्रीची गाडी सकाळी तेथे घटकाभर थांबते, फलाटावर चहावाल्याची हाक ऐकू येते आणि प्रवासी कूस बदलून मडगावची वाट पाहू लागतो. १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाल्यापासून तर कोकण म्हणजे गोव्याच्या अलीकडचा हिरवा पट्टा, अशीच आपणा शहरवासीयांची समजूत झाली आहे. यंदा मे महिन्यात आम्ही चौघे मात्र मुद्दाम कुडाळलाच उतरलो. चौघे म्हणजे मी, आमची सौ., नववीत गेलेली मुलगी आणि अठ्ठ्याहत्तरी ओलांडलेली माझी आई.

कुडाळपासून रिक्षाने अगदी थोडक्या वेळात पिंगुळी येते. राऊळ महाराजांच्या मठामुळे हे नाव भाविकांना ठाऊक आहे. आम्हांला जायचे होते ते तेथल्या गुढीपुरात. तांबडी माती, चिऱ्यांची घरे, माडांच्या सावल्या आणि शेणाने सारवलेली अंगणे. कोकणातल्या इतर दहा वाड्यांसारखीच ही वाडी. वेगळेपण आहे ते येथे राहणाऱ्या ठाकर मंडळींत. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या तिन्ही कला या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत. “अमुक त्याच्या हातातले कळसूत्री बाहुले आहे,” असे आपण सहज बोलून जातो. पण ते बाहुले प्रत्यक्ष कसे नाचते, हे पाहिलेली माणसे आपल्यांत किती निघतील?

चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवून सांगितलेली कथा. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात अशा कथेकऱ्यांचा उल्लेख आहे. एवढे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. पण उल्लेख वेगळा आणि कथा वेगळी. एका कथेच्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. ही पोथी बांधलेली नसते. पाने सुटी असतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान ताठ राहते आणि उलटले की पुढचा प्रसंग तयार. आरंभी गणपती आणि मग रामायण, महाभारत किंवा पुराणातला एखादा प्रसंग. चित्रांतली माणसे एका बाजूने दिसणारी, डोळे मोठे, अंगावर दागिने. साथीला वीणा, टाळ आणि हातात मावणारा हुडूक. पूर्वी सावंतवाडी संस्थानाचा या मंडळींना आश्रय होता. नवरात्रात देवळादेवळांतून त्यांच्या कथा होत, आणि कोणत्या घराने कोणत्या गावी जायचे, हेही ठरलेले असे.

एका घराच्या अंगणात आमच्यासाठी बैठक घातली. कथा सांगणारे आजोबा सत्तरीचे असावेत. पाने धरायला त्यांचा नातू, सहावी-सातवीतला. “खयसून इलास?” आजोबांनी विचारले. पुणे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि लगेच वीणा लावायला घेतली. बोलण्यात वेळ घालवणारा माणूस तो नव्हे.

कथा होती इंद्रजितवधाची. युद्धात तुटलेला इंद्रजिताचा हात सुलोचनेच्या अंगणात येऊन पडतो. पतिव्रता म्हणते, तू माझ्या पतीचा हात असशील तर काय घडले ते लिहून दाखव. नातवाने पान उलटले, आणि त्या तांबूस-पिवळ्या रंगांत एक सुटा हात आणि त्यापुढे बसलेली सुलोचना आमच्यासमोर आली. आजोबा बोलता बोलता मध्येच गात होते, गाता गाता पुन्हा बोलत होते. पान केव्हा उलटायचे, हे ते मुलाला सांगत नव्हते. हुडकाचा ठेका जरा बदलला की मुलगा ओळखत होता. एकदा तो चुकला, पान लवकर उलटले. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी तोच ठेका पुन्हा धरला, मुलाने पान मागे घेतले आणि कथा पुढे चालू झाली.

“पण तुटलेला हात लिहील कसा?” आमच्या कन्येने मध्येच शंका काढली. मी खुणेने तिला गप्प करणार, तोच मागून आईचा आवाज आला, “अगं, हात तर लिहितोच; पुढे शीरसुद्धा हसतं!”

आजोबा थांबले. वीणा मांडीवर टेकवून त्यांनी आईकडे पाहिले आणि विचारले, “तुमकां कोणी सांगल्यान?”

“आमच्या आजीनं. जात्यावर बसून सांगायची,” आई म्हणाली.

मग पुढची पाच-दहा मिनिटे त्या दोघांचेच संभाषण झाले. आईच्या आजीने सांगितलेली सुलोचना रामाच्या छावणीत कशी गेली, आणि यांच्या पोथीतली कशी जाते. शीर हसते ते कोणाच्या बोलण्यावर. दोन्ही मुले टक लावून ऐकत होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षे मी आईचा मुलगा आहे. ही कथा तिला येते, हे मला त्या दिवशी कळले. मी तिला कधी विचारले नव्हते आणि तिनेही आपणहून कधी सांगितली नव्हती. घरात मधली पिढी कामाला लागलेली असते, हेच खरे.

गुढीपुरातही मधल्या पिढीचा प्रश्न आहे. तो आमच्यापेक्षा अवघड आहे. कथा सांगून पदरात पडे ते धान्य आणि चार पैसे. मान मिळेच असे नाही. कलेला कोणी भिक्षा म्हटले की कलावंताचा मुलगा वीणा खाली ठेवतो आणि नोकरी शोधतो. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? संस्थानी आश्रय संपला, सिनेमा आला, मग दूरदर्शन आले. कित्येक पोथ्या घराबाहेर गेल्या. काही चांगल्या जागी पोचल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रे काचेआड सुखरूप आहेत. मी ती अनेकदा पाहिली आहेत. त्यांना वाळवी लागणार नाही. पण काचेआडचे पान उलटायला हुडकाचा ठेका कोठून आणायचा?

म्हणूनच याच गावच्या परशुराम विश्राम गंगावणे यांचे काम मोलाचे वाटते. त्यांनी २००६ साली आपल्या घरच्या गोठ्यातच ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय मांडले. तेथे जुनी चित्रे आणि बाहुल्या आहेतच; शिवाय खेळही होतात, आणि घरची पुढची पिढी तो वारसा चालवते. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जिला काल भिक्षा म्हटले, तिलाच आज सन्मान मिळतो, हे वाडीतली पोरे पाहतात. माझ्या मते त्या पदकाचा खरा उपयोग हाच.

निघताना मी आजोबांना विचारले, “नातू हेच करणार का पुढे?”

“तो शिकात, नोकरी करीत. जांव दे,” ते म्हणाले. “पण एक पोथी तेका पाठ आसाक व्हयी.”

पोथी जीर्ण झाली, तर ती रद्दीत जात नाही. विधिपूर्वक पाण्यात विसर्जित करतात आणि नवी रंगवतात. कागद जाणार, हे या मंडळींनी धरूनच ठेवलेले आहे. सांगणारा आणि ऐकणारा एका अंगणात असले म्हणजे झाले.

जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाल्यावर मी एम. ए.च्या वर्गाला निबंधाऐवजी एक काम दिले. घरातल्या सर्वांत वडील माणसाकडून एक कथा ऐकायची, त्यांच्याच शब्दांत उतरवायची, आणि घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाकडून तिची चित्रे काढून घ्यायची. एक विद्यार्थी म्हणाला, “सर, आमच्या घरी वडीलधारे कोणी नाही.” तो सोसायटीच्या रखवालदाराकडे गेला आणि वेताळाची कथा घेऊन आला. चित्रे रखवालदाराच्याच मुलीने काढली. अशा एकवीस वह्या माझ्या कपाटात आहेत. दिवाळीची सुट्टी संपली की त्या सांगणाऱ्या मंडळींना वर्गात बोलवायचे ठरले आहे. वाचणे नाही, सांगणेच.

एका मुलीची आजी मात्र येणार नाही. गणपतीनंतर ती गेली. वहीत तिच्या दोन कथा आहेत. तिसरी दिवाळीत निवांत सांगीन, असे ती म्हणाली होती. तुमच्या घरी यंदा फराळाच्या ताटाभोवती सगळी जमतील, तेव्हा हा अंक जरा बाजूला ठेवा आणि कोणाची तरी तिसरी कथा ऐकून घ्या.