छर्ऱ्याच्या बंदुकीचा मिस्त्री

इंदुरात मिळत नाही किंवा दुरुस्त होत नाही असे काही नाही, असे आम्ही इंदूरकर बाहेरगावच्या पाहुण्यांना मोठ्या तोऱ्याने सांगत असतो. सियागंज आणि राणीपुरा या दोन पेठांच्या जोरावर हा तोरा आजवर टिकला आहे. शिवणयंत्र, भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ, पितळी स्टोव्ह, हार्मोनियम, या सर्वांचे वैद्य शोधल्यास अजून सापडतात. मात्र छर्ऱ्याच्या बंदुकीला वैद्य शोधण्याची वेळ आली, तेव्हा आमच्या या अभिमानाची परीक्षा झाली आणि ती सुमारे सात महिने चालली.

ही बंदूक म्हणजे काही शस्त्र नव्हे. रामबाग, स्नेहलतागंज, लोकमान्यनगर येथील जुन्या मराठी घरांपैकी निदान काही घरांत तरी ती कपाटावर, जुन्या धोतरात गुंडाळलेली, पडलेली असेल. आमची आहे ती जर्मनीतील रास्टाट गावच्या मायर आणि ग्रामेलश्पाखर या कारखान्याची, ‘डायना’ छापाची, सत्तावीस क्रमांकाची. १८९० साली निघालेल्या या कारखान्याचे चिन्ह मोठे मजेदार आहे. रोमन लोकांची मृगयेची देवता हातातले धनुष्यबाण टाकून देत आहे आणि दुसऱ्या हातात बंदूक उंच धरून उभी आहे! दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्याची यंत्रे आणि नावदेखील ब्रिटनमध्ये गेले. स्कॉटलंडमधील मिलब्रो कंपनी त्याच नावाने बंदुका काढू लागली. जर्मन कारखाना १९५० साली पुन्हा सुरू झाला, पण नाव त्यास १९८४ मध्ये परत मिळाले. त्यामुळे ‘डायना’ म्हटली की ती कोणत्या देशाची, हे पाहिल्यावाचून सुटा भाग मागवू नये. आमच्या वडिलांनी ती साठीच्या दशकात मुंबईहून आणली. आमच्या मातोश्रींनी पहिल्याच दिवशी फर्मान काढले होते की नेम धरायचा तो डालड्याच्या रिकाम्या डब्यावर. चिमणी-साळुंकीकडे नळी वळलेली दिसली तर बंदूक विहिरीत जाईल. वन्यजीव संरक्षणाचा कायदा देशात १९७२ साली आला. आमच्या घरात तो आधीच लागू होता.

बंदूक पुन्हा कपाटावरून खाली आली ती नातीमुळे. २०२३ सालच्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलचे सांघिक सुवर्णपदक भारताला मिळाले. त्या तिघांत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील होता आणि आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातील रतनपूर गावचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर होता. निमाडातल्या खेड्यातला मुलगा जागतिक विक्रम करतो, हे ऐकून बारा वर्षांच्या मुलीने बंदूक मागितली, यात नवल नाही. त्या खेळाडूंच्या रायफली दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालतात आणि आमची स्प्रिंगवर, हा फरक तिला सांगितला. तिने तो मान्य केला आणि हट्ट कायम ठेवला.

साठ वर्षांची बंदूक. छर्रा नळीतून कसाबसा बाहेर पडून पायाशी पडे. शहरातील एका दुकानात ती दिली. आठ दिवसांनी परत आली तेव्हा आवाज असा की शेजारचे सद्गृहस्थ गच्चीवर आले. नळीतून धूर निघे. घरच्यांना वाटले, काय जोर आला आहे! पुढच्याच रविवारी चिरंजीवांनी नळी मोडून दट्ट्या मागे ओढला, छर्रा ठेवण्यासाठी अंगठा नळीच्या तोंडाशी नेला, आणि चापाला कोणाचा स्पर्शही नसताना नळी फटकन जागेवर आली. अंगठ्याचे नख गेले, हाड वाचले. त्या जागी नातीचे बोट असते, हे वाक्य सूनबाईंनी उच्चारले नाही. घरातल्या कोणीच उच्चारले नाही. बंदूक एक तर नीट दुरुस्त होईल, नाही तर भंगारात जाईल, असे ठरले.

आता शोध सुरू झाला. प्रथम आम्ही परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांकडे गेलो. ते आदराने वागले; बंदूक हातात मात्र घेईनात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटर, म्हणजे .१७७ छर्ऱ्याच्या आणि वीस ज्यूलपर्यंत शक्तीच्या बंदुकीला परवाना लागत नाही. आमची जन्यात कधी त्या मर्यादेच्या जवळ गेली नसेल. पण ज्या वस्तूला परवाना नाही तिची नोंद नाही, आणि जिची नोंद नाही तिची जबाबदारी कोणाची नाही. जवळजवळ चार दशके वाणिज्यिक कर खात्यात काढल्यामुळे हा न्याय आम्हांला परका नव्हता.

मग महू. इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर लष्कराचे निशाणबाजी पथक आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवणारा विजय कुमार तेथलाच. तेथून निवृत्त झालेल्या एका परिचित सुभेदारांनी बंदूक उलटसुलट पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगितले, की आमच्या रायफलींचे भाग कारखान्यातून येतात आणि आम्ही ते बदलतो. ही चामड्याची विद्या आम्हांला शिकवलेली नाही. या उत्तराने आम्ही निराश झालो, तरी सुभेदारांविषयीचा आदर वाढला. येत नाही असे सांगणारा कारागीर अर्धा तरी जाणता असतोच. पहिल्या दुकानदाराने तेवढे सांगितले असते तर एक नख वाचले असते.

वाट सापडली ती अनपेक्षित ठिकाणी. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहण्यास गेलो असता फुगे फोडण्याचा एक ठेला दिसला. लाकडी फळीवर रंगीत फुगे, पुढे तीन बंदुका, आणि पोरांची झुंबड. इंदुरात या बंदुकीचा रोजचा उपयोग कोणी करत असेल तर तो हा माणूस! दिवसाला शेकडो छर्रे उडवणाऱ्या बंदुका कधी ना कधी बिघडणारच, आणि बिघडल्या तर त्याची रोजी बुडणार. आम्ही सात महिने हौशी लोकांना आणि अधिकाऱ्यांना विचारत होतो. ज्याचे पोट तिच्यावर चालते त्याला विचारावे हे तेव्हा सुचले. तो म्हणाला, “परदेशीपुरे में एक बा हैं, भिया. नाम-बोर्ड कुछ नहीं है. पर सुबह जाना, दोपहर बाद हाथ काँपता है उनका.”

परदेशीपुरा ही गिरणी कामगारांची जुनी वस्ती. गल्लीत एक खोली, एक लहान लेथ, खिडकीखाली लाकडी मेज. मिस्त्री साठीच्या पुढचे, म्हणजे आमच्याच वयाचे. पण गल्लीत सर्वजण त्यांना ‘बा’ म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी बंदूक घेतली, पण उघडली नाही. आधी विचारले, “पहले किसने खोली?” मग विचारले, “तेल किसने डाला?” त्यांनी नळी जोडाशी पातळ कागदाचा तुकडा धरला आणि बार काढला. कागद उडाला. जोडावरचे कातडे गळत आहे, एवढे त्यावरून कळले. त्यानंतर त्यांनी घरातून पितळी परात मागवली. तिच्यात बंदूक आडवी ठेवून, स्प्रिंग लाकडी शिकंजात दाबून धरून, आडवे खिळे काढले. परात कशासाठी, हे लवकरच कळले. या क्रमांकाच्या बंदुकीत दट्ट्याला अडवून धरणाऱ्या पोलादी गोळ्या असतात, तीन. उघडणाऱ्याला माहीत नसेल तर त्या जमिनीवर पडतात आणि घरंगळतात. परातीत तीन गोळ्या पडल्या. बांनी त्या सूक्ष्ममापकात एकेक करून धरल्या. दोन सारख्या होत्या. तिसरी लहान होती.

“ये साइकिल की है,” ते म्हणाले.

पहिल्या दुरुस्तीत एक गोळी हरवली होती आणि तिच्या जागी सायकलीच्या चाकातली बसवली होती. दट्ट्या दोन गोळ्यांवर टांगलेला होता. केव्हाही सुटला असता. स्प्रिंगही भलतीच, टोके न घासता कापलेली. आणि तो आवाज, तो धूर? दट्ट्यापुढची हवा क्षणार्धात इतकी दाबली जाते की ती तापते. तेथे तेल असले तर ते पेटते. डिझेल इंजिनात होते तेच. लोक त्याला जोर समजतात. प्रत्यक्षात प्रत्येक भडक्याने आतले कातडे जळते आणि स्प्रिंग बिघडते. छर्रा न घालता उगाच चाप ओढण्याचाही असाच तोटा, कारण पुढे हवेची उशी राहत नाही आणि दट्ट्या धातूवर आदळतो. पूर्वी पोरे ही बंदूक रिकामीच ‘फाट’ करून एकमेकांच्या कानाशी वाजवत, हे वाचकांपैकी काहींना आठवेल.

बा हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते. मागावरच्या पिकरचे आणि पट्ट्यांचे चामडे कसे निवडावे, कोणत्या बाजूने कापावे, चरबीत किती वेळ मुरवावे, हे ते तेथे शिकले. १९९१ मध्ये मिल बंद पडली. त्यांच्यासारख्या हजारो कामगारांच्या थकबाकीचे दोनशे चोवीस कोटी रुपये मार्गी लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. मधली बत्तीस वर्षे बांनी पंप, स्टोव्ह, फवारे आणि ठेल्यांच्या बंदुका दुरुस्त केल्या. त्यांच्या मते ही सगळी एकच वस्तू आहे: एक नळकांडे आणि त्यात सरकणारे एक कातडे. आम्ही त्यांना जर्मन कारखान्याचा इतिहास सांगितला. त्यांनी तो सभ्यपणे ऐकून घेतला.

नवे कातडे त्यांनी आमच्यासमोर कापले, साच्यात दाबून वाटीसारखे केले आणि दहा दिवस मुरत ठेवले. अकराव्या दिवशी दट्ट्या नळकांड्यात घालून पुढच्या भोकावर बोट धरले आणि ढकलले. दट्ट्या आत जाईना, सोडताच मागे उसळला. मग योग्य मापाच्या तीन गोळ्या ग्रीसमध्ये चिकटवून बसवल्या. पन्नास वेळा नळी मोडून, हात दूर ठेवून, चाप न ओढता हादरे दिले. एकदाही सुटली नाही. आवाज आता मऊ होता, जाड पुस्तक मिटल्यासारखा. मजुरी साडेतीनशे रुपये. आम्ही अधिक देऊ केले तेव्हा ते म्हणाले, “ठेलेवाले से भी यही लेता हूँ.”

शिकाऊ पोरगा आहे का, असे विचारले. नाही. मुलगा पिथमपूरला कारखान्यात आहे. ठेलेवाल्याचा भाचा कधीमधी येऊन बसतो, पण त्याला सगळे लक्षात राहत नाही. तेव्हा आम्ही कागद मागितला. टिपणे लिहिण्याची आम्हांला जन्माची सवय. बांनी सांगावे आणि आम्ही हिंदीत, क्रमांक घालून, लिहावे, अशा चार सकाळी गेल्या. परातीपासून सुरुवात केली. गोळ्यांचे माप, कातड्याची जाडी, मुरवण्याचे दिवस, सगळे उतरवले. मसुदा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एकाच कलमावर हरकत घेतली. आम्ही लिहिले होते, ‘तेल आवश्यकतानुसार डालें.’ त्यांनी ते खोडायला लावले आणि ‘दो बूँद, साल में एक बार’ असे घालायला सांगितले. स्वच्छ प्रत ठेलेवाल्याच्या भाच्याकडे आहे. दुसरी आमच्या बंदुकीबरोबर धोतरात आहे.