पिवळी शीर

केवडा रोगाने पिवळ्या पडलेल्या भेंडीत एखादंच झाड हिरवंगार उभं असलं की त्याचं बी राखायचं, ही वसईत होळी इथल्या आमच्या वाडीची वडिलांपासूनची रीत. मीही आयुष्यभर तेच केलं. पण त्या झाडाने मला जितकं छळलं तितकं कुठल्या किडीने छळलं नाही. ते हिरवं का राहिलं? रोगाला दाद देत नाही म्हणून, की पांढरी माशी त्याच्यावर बसलीच नाही म्हणून? की विषाणू अंगात आहे आणि झाड तो दाखवत नाही? तिन्ही झाडं दिसायला सारखीच.

माझ्या नजरेचा मला फार अभिमान होता, आजही आहे. गिरीज, निर्मळपर्यंत लोक वाडी दाखवायला बोलवायचे. कोवळ्या पानातली पहिली पिवळी शीर मी बांधावरून ओळखायचो, आणि मालकाच्या आधी आपल्याला दिसली याचा आनंद लपवायचो नाही. मग मोतीबिंदू आला. सगळंच पिवळट दिसू लागलं आणि ती शीर त्यात बुडून गेली. ऑपरेशन झालं, रंग परत आले. तोवर धाकट्या भावाच्या मुलीने झाडांना खुणेचे लाल दोरे बांधायला सुरुवात केली होती. ती शेतकी शिकलेली. पान खुडून प्रयोगशाळेत पाठवते आणि म्हणते, "काका, डोळ्याला रोग दिसतो, विषाणू दिसत नाही."

हे मला झोंबलं, कारण खरं होतं. मुंबई इलाख्यात हा रोग जी. एस. कुलकर्णींनी १९२४ सालीच नोंदवला. पी. एम. वर्मांनी १९५२ साली पांढऱ्या माशीचं आणि या रोगाचं नातं तपासलं. तरी आम्हा बागायतदारांना केवडा म्हणजे एकच रोग वाटायचा. आता कळतं की हा एकेरी धाग्याच्या गोल डीएनएचा, जेमतेम २,७०० अक्षरांचा विषाणू. बेगोमोव्हायरस नावाच्या त्याच्या गोतावळ्यात शेकडो जाती आहेत. अख्खा डीएनए ज्ञात जातींशी ९१ टक्के जुळला नाही, तर जात वेगळी धरतात. भेंडीवरच अशा कितीतरी. म्हणजे माझं हिरवं झाड एका जातीला पुरून उरेल आणि दुसरीपुढे आडवं होईल.

त्याहून अवघड गोष्ट मदुराईची. तिथल्या जॉयस जोस आणि आर. उषा या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की मूळ विषाणू एकटा झाडात शिरला तर शिरा तशा पिवळ्या पडत नाहीत. सोबत बीटासॅटेलाइट नावाचा, त्याच्या निम्म्या लांबीचा तुकडा लागतो. हे वाचल्यापासून प्रत्येक हिरव्या झाडाकडे मी संशयाने बघतो. याला माशीने अर्धाच ऐवज तर दिला नाही ना? आणि उशिरा लागण झालेलं झाडही काही दिवस निरोगीच दिसतं.

बियाण्याच्या पाकिटावर 'रोगप्रतिकारक' छापणाऱ्यांचा मला राग येतो तो इथेच. विषाणूच्या कुठल्या जातीला, किती वर्षं, हे कोण सांगतं? परभणी क्रांती हे खरं मोलाचं काम होतं. मराठवाडा कृषी विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून ते वाण आणलं आणि त्याने बरीच वर्षं तग धरला. पुढे तेही ठिकठिकाणी पिवळं पडलं. यात वाणाचा कमीपणा नाही, विषाणू बदलत राहतो. पण आमच्या वसईत आता बी राखणारेच उरले नाहीत. वाड्यांवर इमारती आल्या. उरलेले पाकीट आणतात, पिवळं दिसलं की फवारतात. माशी त्या फवाऱ्यांना केव्हाच सरावली आहे. गावठी सातशिरी भेंडी श्रावणात बाजारात दिसते तेवढीच.

यंदाही एक झाड तसंच उभं राहिलं, चारी बाजूंनी केवडा असताना. तपासणीत विषाणू सापडला नाही. पुतणी म्हणाली, यावरून एवढंच कळतं की आज तो त्या पानात नाही. रस चोळून हा रोग लागत नाही, माशी हवी किंवा कलम. म्हणून या झाडाच्या बियांची रोपं करायची आणि त्यांवर रोगट फांदीचं कलम बांधायचं, असं तिचं म्हणणं. माझ्या हाताने राखलेल्या बियाला माझ्याच वाडीत मुद्दाम रोग लावायचा! कलम मीच बांधणार म्हटलं; तेवढा हट्ट माझा. गाठ अजून सफाईने बसते.

बी मागायला शेजारी येऊन गेले. त्यांना सांगितलं, रोपांनी कलम सोसलं तर देईन, नाहीतर शेंगा भाजीला घेऊन जा.