ब्रेकची कुरकुर

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस ओळख सांगताना तालुक्याच्याही आधी एक गोष्ट सांगतो : तो घाटावरचा की घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने आपल्या जिल्ह्याचे हे दोन भाग केले आहेत. आम्ही घाटाखालचे, मोताळा तालुक्यातले. दवाखाना, कचेरी, कॉलेज, काहीही मोठे काम निघाले की राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचे आणि दिवेलागणीला तोच घाट उतरायचा. गाडी चढते इंजिनाच्या जोरावर, पण उतरते ब्रेकच्या भरवशावर. म्हणून ब्रेकचा आवाज ही आमच्याकडे थट्टेची गोष्ट नाही.

वडिलांनी कपाशीचे पैसे आणि थोडी उसनवारी करून एक जुनी व्हॅन घेतली. लग्नसराईत वऱ्हाड, एरवी दवाखान्याचे पेशंट. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि माझी फी याच गाडीतून निघते. ही गाडी ब्रेक दाबला की अशी किंचाळे, की रस्त्यावरची माणसे वळून पाहात. पॅड बदलले, तीन महिन्यांत पुन्हा तेच. मग सल्ल्यांना सुरुवात झाली. कोणी म्हणे, पॅडवर पेपर मारा. कोणी म्हणे, जुनी गाडी बोलायचीच. एका दलालाने तर सोपी वाट दाखवली : काहीतरी करून दोन दिवस आवाज बंद ठेवू, तेवढ्यात गिऱ्हाईक लावून देतो.

पैशाची गरज होती. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. सकाळी वडील एवढेच म्हणाले, "जो घेईन, त्याचे लेकरं बी याच घाटानं उतरतीन." आणि गाडी घेऊन आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीने पान्याला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. "कवा वरडते? सकाळीच का दिवसभर? दाबल्यावर का सोडल्यावर बी? चिरकते का खरडते?" एकेका उत्तरामागे एकेक निदान होते. पावसाळ्यात सकाळी चार-दोन वेळाच आवाज आला, तर डिस्कवर रात्रीतून चढलेला गंज. तो आपोआप घासून जातो. खडखड असेल तर पॅड धरून ठेवणारी क्लिप सैल. बारीक शीळ घातल्यासारखा आवाज असेल तर पॅड संपत आल्याची सूचना. काही पॅडना त्यासाठी मुद्दाम पत्र्याची जीभ ठेवलेली असते, ती डिस्कला लागून ओरडते. आणि खरडल्यासारखा आवाज आला, तर लोखंडावर लोखंड. मग गाडी जागची हलवायची नाही.

फळ्यावर खडू कधी कधी किंचाळतो, त्याचेही कारण हेच. खडू क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. पॅड आणि डिस्क यांच्यात हेच सेकंदाला हजारो वेळा घडते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा त्या ब्रेकचीही तक्रार हीच होती : कर्कश आवाज. म्हणजे ही कुरकुर शंभर वर्षांहून जुनी आहे.

चाकांमागे दगड लावून गाडी जॅकवर घेतली. चाक उतरवले आणि गुपित उघडे पडले. बाहेरचा पॅड जवळजवळ नवा, आतला झिजून पत्र्याला आलेला. "दोघं भाऊ, राबते एकच," मिस्त्री म्हणाला. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यांचे रबर फाटले होते. आत पाणी-माती जाऊन पिना गंजल्या होत्या. त्यामुळे कॅलिपर सरकेना आणि सगळा भार आतल्या पॅडवर पडे. मागच्या खेपेला पॅड बदलले गेले होते, पिना कोणी पाहिल्याच नव्हत्या.

त्याने पिना साफ केल्या, उष्णता सोसणारे ग्रीस लावले, नवे रबर बसवले. ग्रीसचा थेंबही पॅडच्या तोंडावर जाऊ दिला नाही. गेला तर ब्रेक लागत नाही. डिस्कची जाडी मापून पाहिली. पॅड मात्र दोन्ही पुढच्या चाकांचे बदलले, कारण एकाच बाजूचे बदलले तर गाडी एका अंगाला ओढते. ब्रेकची धूळ मी फुंकणार, तोच त्याने हात धरला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसात गेले की निघत नाही. धूळ ओल्या फडक्याने पुसायची. शेवटी ताकीद दिली : आधी सपाट रस्त्यावर हळूहळू ब्रेक मारून पॅड बसू द्या, मग घाटात घाला, आणि ज्या गिअरात घाट चढता, त्याच गिअरात उतरा. सतत ब्रेक दाबून उतरले की पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात.

वर्गात आम्हाला समीक्षा शिकवतात. कृतीला हात घालण्यापूर्वी तिला प्रश्न विचारावेत, हे तिथे ऐकले होते. होताना पाहिले ते त्या गॅरेजात. आवाज बंद करणे आणि दोष काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले स्वस्त असते, म्हणून बहुतेक ठिकाणी तेच होते. तक्रार करणाऱ्याला गप्प बसवले की तक्रार मिटली, असे घरात, गावात, कचेरीत आपण सर्रास मानतो.

व्हॅन आमच्याकडेच आहे. वडिलांची अक्षरओळख बेताची, म्हणून एका वहीत मी तारीख, पॅड, पिना, ग्रीस असे लिहून ठेवतो. कधी गाडी विकायची वेळ आलीच, तर ही वही गाडीबरोबर द्यायची, असे त्यांनी बजावून ठेवले आहे.