परसातले दोन शिंपी

आमच्या परसात दोन पक्षी असे आहेत, की आळीत दोघांनाही 'शिंपी'च म्हणतात. दोघेही चिमणीहून लहान, दोघांचीही शेपटी पाठीवर उभारलेली, आणि दोघेही अडुळशाच्या कुंपणातून क्षणभर स्वस्थ न बसता सारखे उड्या मारीत असतात. माझे वडील शिवणकाम करतात. तेव्हा या नावाचा खरा मानकरी कोण, याचा छडा लावणे मला भागच होते!

आधी पाठ पाहावी. खऱ्या शिंप्याची पाठ शेवाळी हिरवी, माथ्यावर तांबूस टोपी, पोट मळकट पांढरे. दुसरा तो राखी वटवट्या. वरून राखेच्या रंगाचा, खालून फिकट तांबूस. पण पानांच्या गर्दीत आणि तिरप्या उन्हात रंग फसवे. तिथे कान उपयोगी पडतो. शिंपी 'टुविट टुविट' असे इतक्या मोठ्याने ओरडतो, की एवढ्याशा गळ्याचा हा आवाज यावर विश्वास बसू नये. ओरडताना त्याच्या मानेच्या बाजूला काळा डागही दिसतो. वटवट्या झुडपातून उडाला की चट्चट् असे वाजते, विजेच्या तारेने ठिणगी टाकावी तसे.

घरट्यावरून ओळखू म्हणाल, तर खरी गंमत तिथेच आहे. वटवट्याही पाने शिवतो! कधी काड्या विणून पिशवी करतो, कधी थेट शिंप्याचा धंदा.

कॉलेजच्या ग्रंथालयातून मी सालिम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आणले. पहिली आवृत्ती १९४१ची. शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचावे लागते. दादा चौथीपर्यंत शिकलेले. तयार कपडे आल्यापासून त्यांच्याकडे उसवलेले परकर, साड्यांचे फॉल आणि जूनमधले गणवेश एवढेच येते. माझ्या पुस्तकांना ते सहसा हात लावत नाहीत. लावलाच तर आधी धोतराला पुसून घेतात.

अंजिरावरचे शिंप्याचे रिकामे घरटे मी त्यांच्यापुढे ठेवले. मशीन थांबवून त्यांनी ते उलटसुलट पाहिले.

"अगं, यात दोरा सलग नाहीच. प्रत्येक टाका सुटा. भोकातून कापूस ओवलाय, अन् बाहेर त्याचा गोंडा केलाय. म्हणून निसटत नाही. एक तुटला तरी बाकीची शिवण शाबूत." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय? वाच बघू."

मी एकेक वाक्य इंग्रजीत वाचून मराठीत सांगत गेले. कॉलेजात गेल्यापासून दादांनी मला 'वाच' म्हटले ते त्या दिवशी प्रथमच.

आता त्यांना वटवट्याचे टाके पाहायचे आहेत. ते घरटे अडुळशात अगदी खाली आहे, पण आत पिल्ले आहेत. कुंपण छाटायला आलेल्या गड्याला दादांनी परत पाठवले, आणि रोज सकाळी चहा पिताना विचारतात, "उडाली का गं?"