पंधरा मिनिटांची सभा

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत एक चमत्कारिक विधि रोज पाहावयास मिळतो. ठराविक वेळ झाली कीं घरांतील मुलगा, लेक किंवा सून हातचें काम टाकून संगणकापुढें बसते, दार लावून घेते, आणि पाव तासानें बाहेर येते. कोणी विचारलें तर "स्टँडअप होतं" एवढेंच उत्तर मिळतें. बसून केलेल्या संभाषणास उभें राहण्याचें नांव कां, हें वडील मंडळींस उमगत नाहीं. आणि ज्या पद्धतीचा हा विधि आहे तिचें 'स्क्रम' हें नांव तर कानांस अधिकच परकें वाटतें. सॉफ्टवेअरच्या धंद्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं असल्यामुळें या पद्धतीविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ गोष्ट अशी. हें काम पूर्वीं बहुधा इमारत बांधण्याच्या रीतीनें चाले. आधीं सर्व मागण्या लिहून घ्यावयाच्या, मग आराखडा, मग रचना, आणि शेवटीं तपासणी. विन्स्टन रॉइस यानें १९७० सालीं या क्रमाचें चित्र काढलें, तेव्हांच तो धोक्याचा असल्याचा इशाराही दिला होता. पण लोकांनीं चित्र तेवढें उचललें. मग दोन दोन वर्षें खपून वस्तु तयार व्हावी आणि गिऱ्हाइकानें "आम्हांला हें नको होतं" म्हणावें, असे प्रसंग वारंवार येऊं लागले. १९८६ सालीं ताकेउची व नोनाका या जपानी अभ्यासकांनीं नव्या वस्तु घडविणाऱ्या कारखान्यांविषयीं लिहितांना रग्बीची उपमा योजिली. त्या खेळांत सारा संघ चेंडू एकमेकांकडे देत एकजुटीनें पुढें सरकतो. त्याच खेळांतला 'स्क्रम' हा शब्द घेऊन केन श्वेबर व जेफ सदरलँड यांनीं १९९५ सालीं आपली पद्धति विद्वानांपुढें मांडली. पुढें २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील यूटा संस्थानांत स्नोबर्ड येथें सतरा जणांनीं 'अॅजाइल' जाहीरनामा काढला, त्यांत हे दोघेही होते.

पद्धतींत गूढ असें कांहीं नाहीं. कामाचे लहान तुकडे करावे; तुकडा महिन्याहून मोठा नसावा. प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस चालती वस्तु दाखवावी. आधीं काय हवें तें एकानें ठरवावें, परंतु किती होईल तें काम करणाऱ्यांनींच सांगावें. रोज पंधरा मिनिटें एकत्र जमून काम कोठवर आलें तें पाहावें. भाजी शिजत असतांनाच जी गृहिणी मीठ चाखून पाहते, तिला हें शहाणपण कोणी शिकवावयास नको. पंगत बसल्यावर मिठाची चौकशी करून उपयोग नसतो.

तथापि या साऱ्या रचनेचा भार एकाच खांबावर आहे. काम अडलें असेल तर तें त्याच दिवशीं निर्भयपणें सांगतां आलें पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं कामाचा अंदाज पत्त्यांनीं करितात. पत्त्यांवर १, २, ३, ५, ८, १३ असे आंकडे असतात. प्रत्येकानें आपला पत्ता पालथा ठेवावयाचा आणि सर्वांनीं एकदम उलटावयाचा. हेतु हा कीं, वडील माणसाचा आंकडा ऐकून धाकट्यानें आपला बदलूं नये. एकाचे ३ आणि दुसऱ्याचे १३ निघाले तर दोघांनीं कारणें सांगावीं. कित्येकदां १३ वाल्यास अशी एखादी अडचण ठाऊक असते, जी इतरांच्या ध्यानींमनीं नसते. साहेब बोलले कीं विषय संपला, अशी जेथें रीत आहे, तेथें हा पालथा पत्ता म्हणजे लहानशी राज्यक्रांतीच होय!

परंतु पत्ते आणले म्हणून रीत बदलते असें नाहीं. हिंजवडी येथील एका कचेरींत आम्ही काम करीत असतां शेजारच्या संघांत घडलेली गोष्ट सांगतों. गिऱ्हाईक न्यूयॉर्कचें, तेथें सकाळचे दहा वाजत तेव्हां हिवाळ्यांत आमच्याकडे रात्रीचे साडेआठ होत, आणि त्या वेळीं रोजची सभा भरे. नुकतीच लागलेली एक मुलगी तिसऱ्याच दिवशीं म्हणाली, "जुन्या खात्यांची माहिती नव्या साच्यांत बसत नाही. दोन आठवड्यांत हें होणार नाही." ती जें बोलली त्यासाठींच तर ती सभा होती. पण सभा संपल्यावर वरिष्ठ तिला म्हणाले, "गिऱ्हाइकासमोर असं बोलायचं नसतं." वर्षअखेरच्या शेऱ्यांत तिच्या नांवापुढें 'नकारात्मक' हा शब्द आला.

त्यानंतर त्या सभेंत कोणाचेंच काम अडलें नाहीं. रोज आठ जण ओळीनें "सर्व सुरळीत" म्हणत. दर पंधरवड्यास हातानें भरलेली नमुन्याची माहिती दाखवून वेळ मारून नेण्यांत येई. अखेर खरीं खातीं आंत घेण्याचा दिवस उजाडला तेव्हां सर्व काम बंद पडलें, आणि कित्येक रविवार व रात्री तें सांवरण्यांत गेल्या. ती मुलगी तोंपर्यंत नोकरी सोडून गेली होती.

असें पाहून कित्येक जण ही पद्धतच थोतांड ठरवितात. आम्हांस तसें वाटत नाहीं. स्क्रमचें नियमपुस्तक अगदीं लहान आहे. रोजची सभा काम करणाऱ्यांनीं आपल्यासाठीं भरवावयाची, हें त्यांत स्पष्ट आहे. काल काय केलें, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तींतून वगळले आहेत, तरी अनेक कचेऱ्यांत ते परवच्याप्रमाणें म्हटले जातात. त्याच पुस्तकांत पांच गुण सांगितले आहेत, आणि त्यांत धैर्य आहे. परंतु कनिष्ठाकडे धैर्य मागण्याचा अधिकार वरिष्ठास केव्हां येतो? तें दाखविल्याची शिक्षा होणार नाहीं असा अनुभव त्यानें आधीं दिला असेल तेव्हांच.

असा अनुभव देणारे वरिष्ठही आम्हीं पाहिले आहेत. एकांची रीत अशी होती कीं, कोणी "अडलंय" म्हटलें कीं ते लागलीच विचारीत, "मदतीला कोणाला देऊं?" त्यांच्या संघाचे आंकडे कागदावर कधीं फारसे चमकले नाहींत. पण तेथें नवीं आलेलीं मुलें पहिल्याच आठवड्यांत बोलूं लागत.