ओसरीवरचे बिनमातीचे फूल

छत्रपती संभाजीनगरहून बीडच्या एस.टी.त बसले की पाचोडच्या आसपास मोसंबीच्या बागा दिसू लागतात. पाचोडचा मोसंबीचा बाजार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यानंतर येते वडीगोद्री. जालन्याहून अंबडमार्गे आलेला रस्ता इथे हमरस्त्याला मिळतो, आणि पुढे शहागडला गोदावरी लागते. जमीन काळी, मुलूख जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा, त्यामुळे ऊसही भरपूर. पण कालवा काही प्रत्येकाच्या बांधाला लागत नाही. ज्याच्या लागत नाही, तो मे महिन्यात रोज सकाळी विहिरीत डोकावून येतो.

माझी थोरली बहीण या गावी दिलेली आहे. मृग लागायला चार दिवस असताना मी तिच्याकडे गेलो होतो. बारा वाजता फाट्यावर उतरलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होते. शेतातल्या घराच्या ओसरीवर चढलो आणि थबकलोच. उत्तरेकडच्या खिडकीशी फळीवर प्लॅस्टिकच्या सहा पारदर्शक बरण्या होत्या आणि त्यांपैकी एकीतून निघालेल्या दांड्यावर पांढरीशुभ्र दोन फुले, फुलपाखरे बसावीत तशी. ऑर्किड! वडीगोद्रीत, जूनच्या तोंडावर!

"आक्का, हे कुठून आणलंस?"

"तुझ्या भाचीनं पुण्याहून आणलं. आधीची तीन मेली, ते नाही इचारलंस?" आक्का हसत म्हणाली.

नोकरीमुळे माझी काही वर्षे आंबोलीकडे गेली. तिथे पावसाच्या तोंडावर झाडांच्या फांद्यांवरून सीतेच्या वेणीचे गुलाबी-पांढरे घोस लोंबताना मी पाहिलेले आहेत. हीच जात आसामात कोपौ फूल म्हणून ओळखतात आणि बिहूच्या सणाला बायका ती केसांत माळतात. आपल्याकडे पुष्कळजण फांदीवरच्या या झाडाला बांडगूळ समजतात, पण ते बरोबर नाही. बांडगूळ झाडाच्या फांदीत मुळी घुसवून त्याचा रस ओढते. ऑर्किड फांदीवर नुसते बसते. त्याची मुळे उघड्या हवेत असतात, पाऊस-दव शोषतात आणि सालीत अडकलेल्या पाल्यापाचोळ्यावर भागवतात. (जंगलातले ऑर्किड ओरबाडून आणू नये. ते बहुधा जगत नाही आणि जंगल मात्र उघडे पडते.)

म्हणजे ज्या झाडाच्या मुळांना वारा लागतो, ते आक्काने पहिल्यांदा कुठे लावले, तर शेणखत घातलेल्या काळ्या मातीत! आपल्याकडे झाडावर माया करायची रीतच ही. पंधरा दिवसांत मुळे काळी पडून बुळबुळीत झाली. दुसरे तिने कोळशात लावले, ते वैशाखाच्या झळांनी वाळले. तिसऱ्याच्या वेळी भाचीने नवी पद्धत सांगितली. तिला सेमी-हायड्रोपोनिक म्हणतात. अमेरिकेतल्या रे बार्कलो नावाच्या ऑर्किडवाल्याने ती लोकांपुढे आणली. नाव बोजड आहे, पण करणी आपल्या समईसारखी. समईची वात खालचे तेल वर ओढते, तसे इथे मातीच्या भाजलेल्या गोळ्या तळचे पाणी वर ओढतात.

आक्काने एक रिकामी बरणी घेऊन मला करून दाखवले. बरणीच्या बुडाला भोक पाडायचे नाही. बुडापासून सुमारे एक इंच वर, कडेला, तापवलेल्या खिळ्याने दोन भोके पाडायची. रोपवाटिकेत बोराएवढ्या भाजलेल्या गोळ्या मिळतात. त्या धुऊन दिवसभर भिजवायच्या आणि रोपाभोवती भरायच्या. वरून पाणी घालायचे, कडेच्या भोकांतून वाहू लागले की थांबायचे. भोकाखालचे इंचभर पाणी आत राहते, तेवढाच साठा. वरच्या गोळ्या ओल्या राहतात, पण गोळी गोळीला पुरती चिकटत नसल्याने मध्ये हवा खेळते. ओल आणि वारा दोन्ही एकाच जागी, म्हणजे फांदीवर मिळत होते तेच. गोळ्या महाग वाटल्या तर विटांचे तुकडेही चालतात, फक्त वीट नीट भाजलेली हवी. कच्ची वीट विरघळून चिखल होतो, आणि भट्टीत जळून काळी पडलेली पाणीच ओढत नाही.

पण हे सगळे करूनही तिसरे झाड मेले. कारण पाणी. इथल्या बोअरच्या पाण्याने हंड्याला पांढरा थर धरतो, ड्रिपरची तोंडे बुजतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तळच्या साठ्यातले पाणी गोळ्यांतून वर चढते, उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. दोन महिन्यांत वरच्या गोळ्या चुना लावल्यासारख्या झाल्या आणि मुळांची टोके करपली. दुष्काळी मुलखात ऑर्किड तहानेने मरते असे आपल्याला वाटते, पण आक्काच्या घरी पहिले मेले लाडाने आणि तिसरे खारट पाण्याने.

तेव्हा दाजी रागावले होते, आणि त्यांच्या रागाला आधार होता. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. दाजींनी टँकरवर पैसा घातला, झाडे छाटली, आच्छादन केले, तरी चौदा वर्षांची बाग हातची गेली. सरपण म्हणून ती विकताना ते दोन दिवस जेवले नव्हते. पुढे २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा यांच्या वावरात कपाशी उभी होती. अशा माणसाला घरात फुलाला पाणी घातलेले कसे रुचावे? "बाग वाळली अन् हिला शोभेचं झाड पायजे," असे ते चारचौघांत बोलले. आक्का काही बोलली नाही. पावसाळ्यात तिने गोठ्याच्या पत्र्याला पन्हळ लावली आणि खाली दोनशे लिटरचे पिंप मांडले.

एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा चौरस मीटरच्या पत्र्याखाली वीस मिलिमीटरच्या एका पावसात पिंप भरते. आता खर्च पाहा. एका बरणीला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी चहाच्या कपाएवढे पाणी लागते, हिवाळ्यात त्याहून कमी. महिन्यातून एकदा क्षार धुऊन काढायला थोडे जास्त. सहा बरण्यांना वर्षाकाठी एक पिंप पुरते आणि उरते. आक्काने हा हिशेब शाळेच्या जुन्या वहीत लिहून ठेवला आहे. दाजींना तिने तो वाचून दाखवला नाही, वही त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवली.

पावसाच्या पाण्यात क्षार नाहीत, तशी झाडाला लागणारी द्रव्येही नाहीत, म्हणून खत द्यावे लागते, पण नावापुरते. ठिबकला सोडतो ते १९:१९:१९ लिटरला पाव ग्रॅम, आणि पुढच्या खेपेला तेवढेच कॅल्शियम नायट्रेट. दोन्ही एकत्र कालवली तर साका बसतो, हे दाजींनीच तिला सांगितले.

दाजी वळले ते मोसंबीमुळेच. मोसंबीच्या खोडाला पाणी लागले की डिंक्या होतो, म्हणून आपण दुहेरी आळे करतो. ऑर्किडचेही तसेच. पानांच्या बेचक्यात पाणी साचले तर गाभा कुजतो. आक्का पाणी घालताना एकदा दाजी उठून म्हणाले, "कामून वरून ओततीस? खोडाला लागतंय की." तेव्हापासून बेचक्यातले पाणी कापसाच्या बोळ्याने टिपण्याचे काम त्यांचे.

करून पाहणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. रोप गोळ्यांत हलवायचे ते नवी मुळे हिरवी टोके काढू लागली की. जुनी मुळे कोरड्यात वाढलेली असतात, त्यांतली बरीच या ओलीत सडतात. पहिला महिनाभर झाड मलूल दिसते. तेव्हा उपटून पाहू नये. नव्या मुळांना ही ओल मानवते. ती तळापर्यंत पोचली की काळजी मिटते. दुसरे म्हणजे थंडी. या पांढऱ्या जातीला, फॅलेनॉप्सिसला, दांडा यायला काही आठवडे गारवा लागतो. तो आपल्या हिवाळ्यात आयता मिळतो. मात्र कडाक्याच्या रात्री ओल्या गोळ्या फार गार पडतात, म्हणून बरण्या घरात घ्याव्यात. आक्काच्या झाडाला पौषात दांडा आला, माघाअखेर पहिले फूल उमलले, आणि शेवटची दोन फुले मी गेलो तोवर टिकून होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शहागडच्या बाजूने आभाळ भरून आले. धुळीचा लोट उठला आणि पत्र्यावर टपोरे थेंब वाजू लागले. आक्का पिंपाचे झाकण काढायला धावली, तसे दाजी ओसरीवरूनच ओरडले, "आगं थांब, पहिलं पाणी धरू नको! पत्र्यावरची धूळ धुऊन जाऊ दे आधी." आणि डोक्यावर पोते घेऊन ते स्वतःच पन्हळीचे तोंड फिरवायला गोठ्याकडे गेले.